मिलिग्रामरावांचे चौदा दिवस

बेकारभत्ता सुरू होण्याआधी माणसानं सलग चौदा दिवस काहीही काम करायचं नसतं, हे मिलिग्रामरावांना खिडकी क्रमांक सातवर समजलं, तेव्हा त्यांना चक्क बरं वाटलं. सरकारनं आजवर त्यांच्याकडे जे जे मागितलं, ते आणायला त्यांना घरी परत जावं लागलं होतं. ही पहिलीच गोष्ट अशी होती की ती त्यांच्याजवळ तयार होती. काम नव्हतं, म्हणूनच तर ते रांगेत उभे होते.

मिलिग्रामराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वजनकाट्यांच्या कारखान्यात ते तीस वर्षं शेवटच्या टेबलावर बसत. तयार झालेला प्रत्येक काटा त्यांच्यापुढे यायचा. ते त्यावर पितळी वजनं ठेवायचे, सुई कुठं थांबते ते बघायचे आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. एकदा एका सोनाराचा काटा अडला तेव्हा मालक स्वतः येऊन म्हणाले, "जाऊ द्या हो, एवढ्याशानं काय होतंय?" यांनी वहीत लिहिलं, 'काटा तीन मिलिग्रामनं हलका. मालक म्हणाले, जाऊ द्या. जाऊ दिला नाही.' तेव्हापासून हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे दुकानादुकानांत विजेवर चालणारे काटे आले. ते बिघडले की फेकून देतात, त्यांना शेवटचं टेबल लागत नाही. कारखान्याला कुलूप लागलं आणि मिलिग्रामराव त्रेपन्नाव्या वर्षी घरी आले.

नियम गुलाबी कागदावर छापलेले होते. काम पगारी असो की फुकटचं, आपलं असो की दुसऱ्याचं, चौदा दिवस करायचं नाही. रोज एक पान भरायचं. त्यावर दोन प्रश्न. एका दिवशी जरी काम झालं तरी मोजणी पुन्हा एकपासून. आणि ही सगळी तपश्चर्या नोकरी गेल्यापासून नव्वद दिवसांच्या आत पुरी व्हायला हवी, नाहीतर दावा रद्द. नव्वदातले तेवीस दिवस तर नोकरी खरोखरच गेली आहे असा दाखला मिळवण्यातच खर्ची पडले होते, कारण दाखल्यावर सही करणारा कारकून कुलपाच्या बाहेर होता आणि शिक्का आत. त्या तेवीस दिवसांवर वेगळं पुस्तक होईल, पण ते राहू दे.

"चौदा दिवस नुसतं बसायचं," मिलिग्रामरावांनी घरी येऊन जाहीर केलं. "मग वर्षभर भत्ता."

"तुम्हाला जमेल?" बायकोनं विचारलं.

"न जमायला काय झालं?"

बायकोनं शिलाई मशीनवरून वर पाहिलं आणि पुन्हा सुईखाली कापड सरकवलं. ती लोकांच्या घरांचे पडदे शिवायची. कारखाना बंद झाल्यापासून दोन खोल्यांचा हा संसार त्या पडद्यांवरच चालला होता. घरमालक भला माणूस होता. भत्ता सुरू होईपर्यंत भाड्यासाठी थांबतो म्हणाला होता. भत्ता नाहीच आला तर खोल्या रिकाम्या करा, हेही त्यानं तितक्याच भलेपणानं सांगून ठेवलं होतं.

पहिले आठ दिवस निर्विघ्न पार पडले. नवव्या दिवशी मिलिग्रामराव कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साबण आणायला गेले. तिथं एक जुना काटा अजून तग धरून होता आणि त्याचं पारडं खाली बसताना कुरकुरत होतं. मिलिग्रामरावांनी साबण घेतला. पैसे दिले. दाराशी गेले. पारडं पुन्हा कुरकुरलं. आता, रडणाऱ्या मुलाजवळून आई जशी पुढे जाऊ शकत नाही तसेच तेही पुढे जाऊ शकले नाहीत. परत येऊन त्यांनी पारडं उचललं, खालचा खटका रुमालानं पुसला, आणि तीन वर्षं कुरकुरणारा काटा गप्प झाला. दुकानदारानं खूश होऊन चहा पाजला.

त्या दिवशीच्या पानावर पहिला प्रश्न होता, आज काम केलंत का? मिलिग्रामरावांनी लिहिलं, 'होय. किराणा दुकानातला काटा साफ केला. वेळ दहा मिनिटं. मोबदला एक कप चहा, साखर कमी.'

खिडकी सातवरच्या बाईंनी ते पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचलं.

"तुम्ही हे लिहिलंत कशाला?"

"विचारलंय म्हणून."

बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि लाल पेन्सिलीनं नऊच्या नऊ दिवसांवर आडवी रेघ मारली. माणूस म्हणून बाई वाईट नव्हत्या. पुढे पुढे तर मिलिग्रामराव रांगेत दिसले की त्या आधीच पेन्सिलीला टोक करून ठेवायच्या.

ही बातमी त्यांच्या बिऱ्हाडाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या हेडक्लार्कांपर्यंत पोचायला तेवढा जिना चढण्याइतकाच वेळ लागला. हेडक्लार्क निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण इमारतीतल्या कुणाचाही सरकारी कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे जात नसे. गुलाबी कागद त्यांनी उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि निकाल दिला.

"चूक तुमच्या कामात नाही, लिहिण्यात आहे. अर्ज म्हणजे काय मृत्युपूर्व जबानी आहे? पहिल्या प्रश्नाला डोळे मिटून 'नाही' लिहायचं."

"पण केलं असेल तर?"

"मग करू नका! हातावर हात ठेवून बसा! एवढ्या मोठ्या माणसाला बसता येत नाही म्हणजे काय?"

मिलिग्रामराव बसले. बारा दिवस बसले. तेराव्या दिवशी बायको जमिनीवर पसरलेलं लांबच लांब कापड मोजत होती आणि टेपचं दुसरं टोक दरवेळी सुटून येत होतं. सहाव्यांदा सुटलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, जरा एवढं टोक धरता का?" नवऱ्यानं बायकोसाठी टेपचं टोक धरणं हे काम आहे की संसार आहे, यावर मिलिग्रामरावांनी विचार केला नाही. हाक आली, ते उठले. विचार त्यांनी संध्याकाळी, पान भरताना केला. 'पत्नीस पडद्याचं कापड मोजताना टेपचं टोक धरलं. वेळ पंचेचाळीस मिनिटं.'

"कौटुंबिक व्यवसायात सहभाग," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "याला तर वेगळं कलमच आहे."

"तेरा दिवस!" बायको घरी कडाडली. "टोक धरलं म्हणून तेरा दिवस पाण्यात! आणि पुन्हा स्वतःच्या हातानं लिहून दिलंत!"

"अगं, पण पंचेचाळीस मिनिटं धरलं होतं," मिलिग्रामराव म्हणाले. आपण मिनिटं जास्त लिहिली असं तिला वाटलं असावं, अशी त्यांची समजूत झाली.

त्यानंतर ती दोन दिवस त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही.

हेडक्लार्कांनी आता हे प्रकरण पूर्णपणे आपल्या हाती घेतलं. त्यांनी कुठून तरी नियमांची जाड पुस्तिका पैदा केली, तिच्यात कागदाचे कपटे खोचले आणि मिलिग्रामरावांना समोर बसवून वाचून दाखवली. हात लावणं हे काम. उचलणं हे काम. दुसऱ्याच्या धंद्यात सल्ला देणं हेसुद्धा काम. "तेव्हा तोंडालाही कुलूप!" हेडक्लार्क बोट उगारून म्हणाले. "कुणी काही विचारलं तर मान हलवायची. तीसुद्धा कुठल्याही एका दिशेला नाही."

मग जे चौदा दिवस गेले, त्यांची आठवण मिलिग्रामरावांना आजही नको वाटते. खिडकीजवळच्या खुर्चीत ते सकाळी बसत आणि दिवेलागणीला उठत. बायको स्टुलावर चढून लोकांकडचे पडद्यांचे दांडे पुसायची, कापडाचे तागे खांद्यावर घेऊन जिना चढायची. एकदा त्यांना राहवलं नाही म्हणून ते तिच्यामागून जिना चढले, हात पाठीमागे घट्ट बांधून. समोरच्या बिऱ्हाडातली काकू दारातून मोठ्यानं म्हणाली, "काय मेला पुरुष! बायको हमाली करतेय आणि हा मागून तपासायला निघालाय!" मिलिग्रामरावांना तिथल्या तिथे थांबून नियम सांगावासा वाटला. पण नियम समजावून सांगणं म्हणजे सल्ला होतो की नाही, हे हेडक्लार्कांना विचारायचं राहिलं होतं. ते खाली मान घालून वर चढले.

त्याच दिवसांत एका सभागृहाचा व्यवस्थापक घरी आला. त्याला चाळीस पडदे हवे होते, दोन माणसं उंचीचे. बायकोचे डोळे क्षणभर चमकले. मग तिनं खुर्चीकडे पाहिलं. "एकटीला नाही झेपायचं," ती म्हणाली. व्यवस्थापकानंही खुर्चीकडे पाहिलं. तिच्यात बसलेला धडधाकट गृहस्थ भिंतीकडे बघत होता. त्यानं पत्ता ठेवला आणि तो गेला. एवढ्यानंही भागलं नाही. आठवड्यात दोन गिऱ्हाइकं पडदे परत घेऊन आली; त्यांनी लिहून दिलेल्या मापापेक्षा लांबी जास्त झाली होती, पडदे फरशी झाडत होते. बायकोनं पुन्हा उसवले, पुन्हा शिवले, आपलाच हात बिघडला म्हणून स्वतःलाच बोल लावत. मिलिग्रामराव खुर्चीत बसून होते. तीस वर्षं ते निदान थकून तरी घरी येत होते. आता ते घरातच होते आणि थकवा सगळा तिच्या वाट्याला गेला होता. याची त्यांना इतकी लाज वाटायची की जेवतानाही ते तिच्याकडे बघायचे नाहीत.

चौदा दिवस मात्र पुरे झाले. मिलिग्रामराव इस्त्रीचा सदरा घालून खिडकी सातवर गेले. आज काम केलंत का? नाही. चौदा पानांवर चौदा वेळा नाही. बाईंचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर दुसऱ्या प्रश्नावर गेली. आज काम शोधलंत का? त्याच्यापुढेही, त्याच सुवाच्य अक्षरात, चौदा वेळा नाही.

"अहो, शोधायचं असतं!" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"करायचं नाही, पण शोधायचं?"

"हो."

"आणि सापडलं तर?"

"तर करा ना. मग भत्ता कशाला हवा?"

"आणि नाही सापडलं तर?"

"तर शोधत राहायचं. आणि करायचं नाही."

मिलिग्रामरावांना हे पटलं, हीच खरी दुःखाची गोष्ट. घरी आल्यावर हेडक्लार्कांनी कपाळावर हात मारला. "दुसरा प्रश्न मी वाचलाच नव्हता," असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण ते म्हणाले, "एवढी साधी गोष्ट मी सांगायला हवी होती का?"

चौथ्या खेपेला मिलिग्रामराव रोज काम शोधायला बाहेर पडू लागले. लोखंडी सामानाचं दुकान झालं, औषधांचं झालं, लाँड्री झाली. बाराव्या दिवशी ते एका रद्दीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काट्यातलं कळतं म्हणता? दाखवा बघू." जमिनीवरचा मोठा काटा मिलिग्रामरावांनी वीस मिनिटांत असा लावून दिला की रद्दीवाला वा वा करू लागला आणि म्हणाला, "पण माणूस काही आम्हाला नको आहे." ती वीस मिनिटं पानावर आली, पानावरून लाल पेन्सिलीखाली आली. वर दुसऱ्या दिवशी रद्दीवाला घरी भांडायला आला. काटा आता खरं वजन दाखवत होता, आणि त्याचा सगळा धंदा काटा खरं दाखवत नाही यावरच चाललेला होता. "कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?" असं तो जिन्यात उभा राहून ओरडत होता. हेडक्लार्कांनी वरून हे ऐकलं आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून जिन्यात गाठ पडली तर ते भिंतीवरच्या वायरींचं निरीक्षण करू लागले.

नव्वदातले शहात्तर दिवस संपले होते. उरले बरोबर चौदा.

या वेळी मिलिग्रामरावांनी कोणताही धोका पत्करला नाही. दोन्ही हात खिशात घालून ते दुकानात शिरत, काम आहे का विचारत, आणि करून दाखवायला सांगायच्या आत चिठ्ठी पुढे करत. चिठ्ठीवर दुकानदार लिहून द्यायचा, 'काम नाही', खाली सही. तेरा दिवसांत अशा तेरा चिठ्ठ्या जमल्या. तेरा निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या शाईत, आम्हाला तुमचा उपयोग नाही असं लिहून द्यावं आणि आपण त्याबद्दल त्यांचे आभार मानून चिठ्ठी जपून ठेवावी, हे बोलायला विनोदी आहे. मिलिग्रामरावांना एक-दोनदा रस्त्यावरच रडू आलं. हात खिशात असल्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत.

चौदाव्या दिवशी सकाळी चौदावी चिठ्ठी घेऊन ते खिडकी सातवर पोचले. मागे वीस-बावीस माणसांची रांग होती. प्रत्येकाच्या हातात तसल्याच गुलाबी कागदांचं पाकीट. बाईंनी पानं तपासली, चिठ्ठ्या मोजल्या आणि पहिल्यांदाच त्या हसल्या.

"सगळं बरोबर. आजचं पान इथंच भरा. तोवर मी पाकीट तोलते. मुख्य कचेरीला टपालानं जातं ना सगळं."

शेजारच्या काट्यावर ठेवायला त्यांनी पाकीट उचललं. जुना, सुईचा काटा. मिलिग्रामरावांनी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. पाकीट ठेवण्याआधी, रिकाम्या पारड्यालासुद्धा, सुई शून्यावर नव्हती. शून्याच्या अलीकडे होती, चांगली अकरा ग्रॅम.

"बाई," त्यांनी विचारलं, "इथून गेलेली पाकिटं परत येतात का हो?"

"निम्मी येतात! तिकीट कमी लागलं म्हणून. आम्ही तर तोलूनच लावतो. परत येतात तोवर लोकांचे नव्वद दिवस उलटून जातात. नशीब एकेकाचं."

"हा काटा चुकतोय."

"असेल. दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षं पडून आहे. मला हात लावायचा अधिकार नाही." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या पाकिटाला मी एक तिकीट जास्त लावते. तुम्ही फार सोसलंय. झालं?"

झालं होतं. भत्ता मिळाला होता. खोल्या वाचल्या होत्या. मिलिग्रामरावांनी पान पुढे ओढलं, लेखणी उघडली आणि उगीचच मागे वळून पाहिलं. त्यांच्यामागे एक म्हातारा गवंडी पाकीट छातीशी धरून उभा होता. त्याच्यामागे कडेवर मूल घेतलेली बाई. मग आणखी पाकिटं, पार दारापर्यंत.

पारड्याखालचा स्क्रू फिरवायला पाच मिनिटं लागली, तीसुद्धा तो गंजला होता म्हणून. सुई हलली, थरथरली आणि शून्यावर येऊन थांबली. मिलिग्रामरावांनी खिशातलं जुनं पितळी वजन ठेवून खात्री करून घेतली. मग त्यांनी लेखणी उचलली.

"नाही लिहा," बाई घाईनं म्हणाल्या. "मी काही पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय ना," मिलिग्रामराव म्हणाले. आणि त्यांनी लिहिलं, 'होय. खिडकी सातवरचा काटा शून्यावर आणला. वेळ पाच मिनिटं. मोबदला नाही.'

बाईंना लाल पेन्सिल सापडेना. ती त्यांच्या हातातच होती.

घरी परतताना मिलिग्रामरावांनी तो कागद रस्त्यात तीनदा वाचला. दावा नामंजूर. कारण, अर्जदार प्रतीक्षाकाळाच्या चौदाव्या दिवशी काम करताना आढळला. तीन महिन्यांत त्यांना काम येतं असं लिहून देणारा हा पहिलाच कागद होता. त्यावर शिक्कासुद्धा होता.

बायको जमिनीवर कापड पसरून बसली होती. तिनं कागद घेतला आणि वाचला.

"कितीनं चुकत होता?" तिनं विचारलं.

"अकरा ग्रॅम."

"आणि आता?"

"बरोबर आहे."

तिनं कागदाची घडी घालून मशीनच्या खणात ठेवली. "घरमालकाला उद्या सांगू. संध्याकाळी त्या सभागृहवाल्याकडे जाऊन येते. अजून कुणाला दिलं नसेल तर बघू." दिलं असणार हे दोघांनाही माहीत होतं. "आता हे टोक धरा. आता कोण मोजतंय?"

मिलिग्रामरावांनी खिशातून हात काढले आणि गुडघ्यांवर बसून टोक धरलं. टेप ताणली गेली.

"ही टेप खोटी आहे," ते म्हणाले. "जुनी होऊन ताणलीय. मीटरमागे एक सेंटिमीटर."

बायकोचा हात थांबला. "म्हणून ते पडदे लांब होत होते?"

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्या दिवशी टोक धरलं ना, तेव्हाच. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, पण तू बोलत नव्हतीस. आणि मग नवे चौदा दिवस सुरू झाले."

"दीड महिना मी उसवतेय! आणि तुम्ही बसून बघत होतात? एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तो सल्ला झाला असता," मिलिग्रामराव म्हणाले.

बायकोनं टेप सोडून दिली. आधी तिला हसू आलं. मग हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. मिलिग्रामराव टोक धरून बसून राहिले.